गॅस डबल करायचा माझा फॉर्म्युला

३ फेब्रुवारी, हैदराबाद
आजपासून रोज लिहायचं. हाटेलात भांडी घासून हात सुजलेत, पण डोकं चालू हाय. मोबाईलवर बघितलं, शेणात उरलंसुरलं अन्न मिसळलं की गॅस डबल. घरी न्हावऱ्यात गोबरगॅसवर एकच शेगडी चालते, तीबी रडत. आबांची अट हाय, दोन शेगड्या दोन्ही टायमाला चालवून दाखव, मग नोकरी सोडून घरी ये. महिन्यात घरी.

४ फेब्रुवारी
आईला फोनवर फॉर्म्युला दिला. मंगल कार्यालयातलं उरलेलं रोज दोन घमेली आणायचं, शेणात कालवायचं. ती म्हणली, अन्न शेणात घालू व्हय रं? मी म्हणलं, सायन्स हाय. तिनं फोन ठेवला. म्हंजी पटलं.

११ फेब्रुवारी
रोज लिहायला जमलं न्हाई. पाठ धरलीय.

२० फेब्रुवारी
बहिणीचा, अपेक्षाचा फोन. दोन्ही शेगड्या चालू! म्हैसबी लिटरभर दूध जादा देतीया म्हणं. म्हशीचं काय, आपला विषय गॅस. सेठला सांगितलं, मी गॅस लाईनला जातोय. तो म्हणला, पहले प्लेट धो, साइंटिस्ट. धुतल्या. मग नोकरी सोडली.

२३ फेब्रुवारी, न्हावरे
दौंडला उतरलो, चौफुल्यावरनं एसटी. घरी दोन्ही शेगड्या जोरात. आबा शेगड्या दावून गोठ्याकडं गेले, म्हंजी खूश. दोन घमेल्यांत डबल, तर दहा घमेल्यांत किती?

२४ फेब्रुवारी
भात, जिलबी, मठ्ठा, दहा घमेली स्वतः टाकीत ओतली. आई सांगाय लागली, अरं, आमी ते टाकीत... मी म्हणलं, मधी बोलू नको. जुनी माणसं नव्याला भितात.

१ मार्च
एकच शेगडी. तीबी मिणमिण. थंडीमुळं असणार.

४ मार्च
दोन्ही बंद. टाकीला आंबूस वास. चुलीपुढं बसून आईनं सांगितलं. अन्न शेणात टाकायला तिचा हात धजला न्हाई. ती रोज दोन्ही घमेली म्हशीपुढं ठेवायची. म्हैस शेण जादा टाकायला लागली. मी येईस्तोवर टाकीत शेणाबिगर काय गेलंच न्हवतं. आबा म्हणले, म्हैस तुझ्यापरीस शिकलेली निघाली.
तरी म्हशीला लागू पडलेला फॉर्म्युला माझाच होता.

५ मार्च
आबांची नवी अट. सगळी टाकी उपसायची, ताजं शेण भरायचं, मग दौंडवरनं हैदराबादची गाडी धरायची.
घमेलं घेतलं. टाकी लई खोल हाय.
मी सावकाश उपसणार.