पुसली म्हणालो ती चावी

प्रिय ताई,

कागदावरचं पत्र बघून आधी तुला हसू येईल. शाळेत दहा ओळींचा निबंध लिहिताना ज्याला घाम फुटायचा आणि शेवटच्या चार ओळी जो तुझ्याकडून लिहून घ्यायचा, तो आज पानंच्या पानं खरडतोय. मोबाइलवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. कागदावरचं खोडलं तरी दिसत राहतं, म्हणून हा मार्ग धरला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच बसलोय, तुझ्या जुन्या खुर्चीत. दोन वर्षं ही खुर्ची मला टोचतेय. का, ते सांगायचंय. तुझ्यावर जो डाग लागला त्याबद्दलच आहे हे, तेव्हा मधेच ठेवून देऊ नकोस. पूर्ण वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

तूच मला इथे चिकटवलंस. दवाखान्यांच्या वेबसाइट बनवणारी सात माणसांची कंपनी, आणि तिचे सगळे सर्व्हर तुझ्या हातात. पहिल्या दिवशी तू माझा लॅपटॉप कामासाठी तयार करून दिलास, नव्या बिऱ्हाडाला स्वयंपाकघर लावून द्यावं तसा. काय कुठे, कशाला हात लावायचा, कशाला नाही. मला ढ समजून एकेक गोष्ट तीनतीनदा सांगितलीस, आणि तुझं चुकलं नव्हतं. खरा सर्व्हर वेगळा, सरावाचा वेगळा. सरावाच्या सर्व्हरवर खऱ्या पेशंटचं नावसुद्धा येता कामा नये. त्याची दारं फक्त आपल्या ऑफिसपुरती उघडी, बाहेरच्या जगाला बंद. आणि चावी ज्याची त्याची. चावी म्हणजे साधी एक फाइल. ती ज्याची असेल त्याला सर्व्हर आत घेतो आणि नोंदवहीत त्याचं नाव लिहून ठेवतो. ती कुणाला द्यायची नाही, सख्ख्या भावालाही नाही, असं म्हणून तू माझ्या टाळक्यात टपली मारली होतीस.

आणि तुझी ती सवय. सर्व्हरचं कुठलंही दार उघडायचं झालं, की तू सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणायचीस, दार उघडतेय. काम झालं की, दार लावलं. सगळ्यांना तू तसंच बोलायला लावलंस. आम्ही तुला वॉचमनबाई म्हणायचो. तूही हसायचीस, पण बोलल्याशिवाय एकदाही दार उघडलं नाहीस.

माझी चावी त्या पहिल्या दिवशी काही केल्या चालेना. काम अडलं होतं, म्हणून तू नाइलाजाने तुझी चावी माझ्या लॅपटॉपवर टाकलीस, दोन दिवसांपुरती. तुझ्या अख्ख्या नोकरीत तू नियम मोडलास तो एवढाच, तोही माझ्यासाठी. तिसऱ्या दिवशी विचारलंस, पुसलीस का. मी हो म्हणालो. ताई, पुसली नव्हती. माझी चावी तोवर चालू झाली होती, पण तिला मोजक्याच जागी शिरकाव होता आणि तुझ्या चावीला सगळीकडे. दर वेळी उठून तुझी परवानगी मागायचा मला कंटाळा यायचा. आळस, दुसरं काही नाही. मोठं कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

तो मंगळवार. एका दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना आपलं नवीन पान बघायचं होतं. ते सरावाच्या सर्व्हरवर, म्हणून त्यांना बाहेरून दिसेना, आणि बाई फोनवर तापलेल्या. तू पलीकडे आईशी फोनवर बोलत होतीस, तिच्या चष्म्याबद्दल काहीतरी. मी तुझी चावी लावली आणि पाच मिनिटांपुरतं दार सगळ्या जगाला उघडलं. तोंडाने काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू मान वळवून विचारलं असतंस, कुणाच्या चावीने. बाई खूश झाल्या, मी चहाला गेलो, आणि दार अकरा दिवस तसंच उघडं राहिलं. आत काय होतं? खोटी नावं तयार करत बसायचा कंटाळा, म्हणून त्याच्या आदल्या आठवड्यात खऱ्या पेशंटची अख्खी यादी मीच तिथे ओतली होती. नाव, फोन, आजार. तीही तुझ्याच चावीने.

यादी बाहेर फुटली तेव्हा साहेबांनी सकाळीच तुझा सर्व्हरवरचा प्रवेश बंद केला आणि नोंदवही काढायचं काम माझ्यावर सोपवलं. बहिणीचा भाऊ म्हणून नाही, इतरांपेक्षा मला जरा जास्त येतं म्हणून. तेही तूच शिकवलेलं. नोंदवहीत तीन रकाने होते. कधी, कुणाच्या चावीने, कुठल्या लॅपटॉपवरून. तिसऱ्या रकान्यात माझा लॅपटॉप होता, दोन्ही वेळा. मी दोनच रकाने छापले. हे कुणी सांगितलं नव्हतं, घाबरून हात चालला असंही नाही. नीट विचार करून, तिसरा रकाना काढून टाकून मी तो कागद टेबलावर ठेवला.

मीटिंगमध्ये तू तो कागद बराच वेळ बघत होतीस. आठवत नाही म्हणालीस. बोलल्याशिवाय मी दार उघडत नाही, पण इथे नाव माझं आहे, म्हणजे मीच केलं असणार, असं तूच म्हणालीस. भांडली असतीस तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं. नंतर जिन्यात मला थांबवून तू एकदाच विचारलंस, माझी चावी पुसली होतीस ना रे. मी म्हणालो, त्याच दिवशी. तू मान हलवलीस आणि माझ्या शर्टाची कॉलर सरळ केलीस. त्या जिन्याने मी अजून रोज येतो-जातो.

आणि दुसऱ्या दिवशी ती शिवणकाम करणारी बाई आली. तिने घरच्यांपासूनही लपवलेला आजार आता शेजाऱ्यांच्या मोबाइलवर होता. ती ओरडली नाही, रडली नाही, फक्त दारात उभी राहून म्हणाली, हे केलं कुणी ते मला बघायचंय. तू उठलीस. सगळ्यांसमोर तिला हात जोडलेस. मी चार फुटांवर, बंद पडलेल्या स्क्रीनकडे बघत बसलो होतो. ताई, मला स्वतःची किळस येते. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

तू गेलीस आणि तुझी जागा मला मिळाली. सगळी दारं मी पुन्हा तपासून लावली म्हणून साहेबांनी पाठ थोपटली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोराला पहारेकरीच केलं. तू शाळेच्या ऑफिसात प्रवेशाचे अर्ज लावत बसतेस आणि आम्हाला सांगतेस, बरं आहे, डोक्याला ताप नाही. दोन ठिकाणांहून सर्व्हरच्या कामासाठी बोलावणं आलं तर तू नको म्हणालीस. मला वाटलं, लाज वाटत असेल. दाजी थट्टेत सांगायचे, ही आताशा कुलपाचा फोटो काढून मगच घराबाहेर पडते, गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येते. सगळे हसले तेव्हा मीही हसलो होतो. ते कशातून आलंय, ते निदान मला तरी कळायला हवं होतं.

काल आई फोनवर म्हणाली, की येत्या गुरुवारी तू विसरण्याच्या डॉक्टरांकडे तपासणीला जाणार आहेस. आत्याचं विसरणं असंच सुरू झालं होतं, याच वयात, असं तू तिला म्हणालीस, आणि धाकट्याला सांगू नकोस, उगाच काळजी करेल, असंही. ते ऐकलं तेव्हा मला कळलं. गेली दोन वर्षं तू स्वतःच्या डोक्यावर संशय घेत जगतेयस, आणि मी समजत होतो, फक्त नोकरी गेली. आज सकाळी मी साहेबांना सगळं लिहून दिलं, खाली सही केली. आता त्या शिवणकामवाल्या बाईंकडे जातोय. नोंदवहीचा पूर्ण कागद सोबत जोडलाय, तिन्ही रकान्यांसकट. माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही. एवढंच लक्षात घे, ताई, तू काहीही विसरली नव्हतीस. जे केलंच नाहीस, ते तुला आठवणार कुठून?

तुझाच,
धाकटा