मागणी नसलेला खंड

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
जुने सरकारी अहवाल व कायदेमंडळ कामकाज विभाग,
दुसरा मजला.

विषय : एकोणिसाव्या शतकातील गिरणी चौकशी समितीच्या अहवालाचा साक्षींचा खंड रद्दीत न काढता मला वाचायला देणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, "सदर खंडास मागणी नाही."

महोदय,

१. वरील पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, हे प्रथम नम्रपणे नमूद करते. मी शिवणकाम करते. हा खंड मी चार वेळा मागितला. चारही वेळा "कागद नाजूक, देता येत नाही" असा शेरा मिळाला. आता आपण कळवता की, दहा वर्षांत खंड कोणालाही दिला गेला नाही, सबब मागणी नाही, सबब तो रद्दीत जाईल. विचारल्यावर आपले कारकून म्हणाले, "बाई, दिलेल्याचीच नोंद होते. नाकारलेलं मागणीत कसं धरणार?" म्हणजे दार लावून घ्यायचे आणि कोणी येत नाही म्हणून घर पाडायचे, असा हा कारभार आहे.

२. त्या खंडात माझ्या आईच्या पणजीची साक्ष आहे. नाव छापलेले नाही. "सूत कातणारी, डाव्या हाताला तीन बोटे" एवढेच आहे. पण ती तीन बोटे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहेत. आपल्याकडून निवृत्त झालेल्या ग्रंथपालबाईंनी फार पूर्वी आईला ते पान वाचून दाखवले होते. समितीने विचारले, दिवसभरात बसायला किती वेळ मिळतो? उत्तर : "तुम्ही बसलात त्या खुर्चीवर आधी मला बसू द्या, मग सांगते." पान तिथे संपले आणि कार्यालय बंद व्हायची वेळ झाली. पुढच्याच आठवड्यात जुने खंड देणे बंद झाले.

३. आईने स्वतः सारा जन्म गिरणीत उभ्याने काढला. तिला एवढेच जाणून घ्यायचे होते की, पणजीला खुर्ची दिली की नाही. "दिली असेल गं," म्हणायची, आणि थोड्या वेळाने स्वतःच, "कसली देतायत." दुखऱ्या गुडघ्यांनी ती आपले दोन मजले चढली. एकाही कर्मचाऱ्याला उठून ते एक पान उलटून बघावेसे वाटले नाही, याची मला चीड आहे. माझ्या हाताने कागद फाटेल म्हणता आणि लगद्यासाठी स्वतः गाडी बोलावता.

४. आई गेल्या मंगळवारी वारली. शेवटी म्हणाली, "मला आता नको वाचून दाखवू. पण तिला रद्दीत नको जाऊ देऊस."

५. सबब, आधीच्या अर्जांत प्रयोजनाच्या रकान्यात "आईला ऐकवण्यासाठी" असे होते, ते रद्द समजावे. नवे प्रयोजन : मला वाचायचे आहे. खंड आपल्या डोळ्यांदेखत का होईना, एकदा माझ्या हातात द्यावा आणि "दिला" अशी नोंद करावी, म्हणजे आपल्याच नियमाने त्याला आणखी दहा वर्षे हात लावता येणार नाही. नकार द्यायचा असल्यास कारण लेखी द्यावे व खाली स्वतः सही करावी. कारकुनाच्या आड लपू नये.

नम्रपणा संपलेली, तरीही आपली,
अर्जदार
(सही)

दिनांक : स्वीकारणाऱ्याने शिक्क्यासह घालावा. मागच्या वेळी घातला नव्हता.

सोबत :
१) नाकारलेल्या चार अर्जांच्या प्रती.
२) आईच्या मृत्यूचा दाखला, छायाप्रत. मूळ कागद मी आपल्या कार्यालयाच्या हाती देणार नाही.