नाव घातलेले डबे

रोहे,
मंगळवार

ती. अक्कास,

धाकट्या माधवचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा आणि तुझा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा आहे. (जास्त काळजी गुडघ्याचीच आहे, असं समज.) फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू ‘ठेवते’ म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. पत्राचं तसं नसतं. भिरकावलंस तरी थोड्या वेळानं चष्मा शोधून तूच ते पुन्हा उचलशील, एवढं मी तुला ओळखतो.

तर ओवी पाच वर्षांची झाली आणि तू आली नाहीस. ‘नातीला ओवाळा, खीर करा, पोरांना खायला घाला आणि घरी पाठवा, वर त्यांनाच रिटर्न गिफ्ट वाटायची ही कुठली थेरं?’ असं तू आमच्या सुनेला, सुनीतीला, फोनवर सुनावलंस. खरं सांगू? मीही तुझ्याच पक्षात होतो. जेवताना मी या विषयावर चांगलं सविस्तर भाषण केलं. (मास्तरकीतून निवृत्त झालो तरी तोंड कुठे निवृत्त झालंय?) हल्लीची पोरं केक कापायच्या आधी ‘रिटर्न गिफ्ट काय आहे?’ विचारतात, आया घरी जाऊन पिशव्या उलट्या करून बघतात, वगैरे वगैरे. सुनीतीनं सगळं ऐकून घेतलं आणि आमटी वाढता वाढता एवढंच विचारलं, ‘‘बाबा, संक्रांतीला आई हळदीकुंकवाला वाण लुटतात, ते काय असतं?’’ तुझी भावजय श्यामला, जी इतका वेळ माझ्या बाजूनं मान डोलावत होती, ती एका क्षणात तिकडे गेली. मी ताक मागितलं.

अक्का, सुनीती मूळची सोलापूरची. आमच्या नंदूला नागोठण्याच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून वर्षापूर्वी पुण्याहून इकडे आली. तो आठवड्याला बदलणाऱ्या शिफ्टमध्ये, ओवी शाळेत, आणि घरात आम्ही दोघं, एक पेपर वाचणारा आणि एक पेपर वाचणाऱ्याला बोलणारी. आळीत तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं. गॅलरीत उभी राहून ती जाणाऱ्यायेणाऱ्यांकडे बघून हसायची, लोकही हसायचे आणि पुढे जायचे. तो वाढदिवस ओवीचा कमी आणि तिचा जास्त होता, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलंच नाही.

प्लास्टिकच्या शिट्ट्या आणि गाड्या संध्याकाळपर्यंत मोडतात, म्हणून तिनं स्टीलचे छोटे डबे द्यायचे ठरवले, आत खाऊ भरून. वादात हरल्यामुळे ते आणायचं काम माझ्याकडे आलं. मोरूशेटच्या भांड्यांच्या दुकानात डबे निवडले, आणि त्यानं मशीन पुढे ओढून विचारलं, ‘‘मास्तर, नाव घालायचं ना?’’ आता तूच सांग, आपल्या घरात बिननावाचं भांडं कधी आलंय? तुझ्या लग्नातल्या पातेल्यावर अजून बाबांचं नाव आहे. मी म्हटलं, घाला. त्यानं टर्रर्र करत प्रत्येक डब्यावर सुबक घातलं, ‘कु. ओवी कर्णिक, रोहे’. मला इतकं समाधान वाटलं की मी येताना स्वतःसाठी भजी घेतली.

वाढदिवस उत्तम झाला. डबे मिरवत पोरं गेली. सुनीती दारात उभी राहून प्रत्येकाला ‘पुन्हा ये हं’ म्हणत होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात बायजाबाई, नाक्यावर भाजी विकते ती. तिची नात ओवीच्या वर्गात आहे. ‘‘घे गो सूनबाय, तुमचा डबा. पोर येडी, उचलून घरी घेऊन आली. नाव हाय ना त्याच्यावर. आमी नाय ठेवनार कुनाचं भांडं.’’ एवढं म्हणून ती गेलीसुद्धा, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मग दिवसभर बेल. कुणाची आई, कुणाची आजी, कुणाचा काका स्कूटर चालू ठेवून. संध्याकाळपर्यंत आळीतले सगळे डबे आमच्या ओट्यावर परत. सुनीतीनं ते हसतमुखानं घेतले, शेवटच्या माणसामागे दार लावलं आणि मटकन खाली बसून रडली. ‘‘त्यांना माझं काही नकोय, बाबा.’’ अक्का, मला फार वाईट वाटलं.

श्यामलानं मात्र सहज एका डब्याचं झाकण उघडलं. आत कडवे वाल. दुसऱ्यात आमसुलं. तिसऱ्यात डिंकाचे लाडू, चौथ्यात सुक्या कोळंबीचे सोडे. (ते मी लगेच बाजूला काढले.) एकीचं माहेर गणपती घडवणाऱ्या हमरापूरचं, तिच्या डब्यात शाडूचा इवलासा उंदीर, एक कान रंगवायचा राहिलेला. ओवीच्या मते साऱ्या वाढदिवसात तीच एक खरी भेट. एकही डबा रिकामा नव्हता. श्यामला कपाळाला हात लावून माझ्याकडे वळली. ‘‘अहो, नाव घातलंत! नाव असलेलं भांडं कोण ठेवून घेईल? आणि परत देताना रिकामं कोण देईल? वाणावर कधी कुणी नाव घालतं का?’’

इथे कुठल्याही सुनेला सासऱ्याचे वाभाडे काढायचा पूर्ण हक्क होता. ही डोळे पुसत हसायला लागली. मग उठली, डबे घासले, त्यात सोलापूरकडची शेंगदाण्याची चटणी भरली आणि ओवीचं बोट धरून घरोघर गेली. ‘हा डबा तुमचाच, ठेवायचा’ असं प्रत्येक दारात समजावून आली. लोकांनी ‘हो हो’ म्हटलं, चटणी खाल्ली आणि डबे भरून परत पाठवले. नाव कुठे पुसलं जातंय! आता ते डबे आळीत फिरत असतात. बायजाबाई भाजी विकून झाली की पायरीवर बसून चटणी कशी करायची ते विचारते (‘‘मिरची तिकडची, व्हय? तरीच!’’), आणि परवा सुनीतीनं ओवीला ‘ये गो’ म्हणून अगदी बायजाबाईसारखी हाक मारली, तेव्हा मी पेपर खाली ठेवला. तिला आळीत रुळवणं मला वर्षभरात जमलं नाही, ते या मुलीनं चटणीवर करून दाखवलं. मला तिचं मनापासून कौतुक वाटतं, आणि ते तोंडावर सांगता येत नाही म्हणून तुला लिहितोय.

सारांश, रिटर्न गिफ्ट द्यावी की न द्यावी? द्यावी, पण नाव घालून द्यावी.

गुडघ्याला शेक घे. 

तुझा
माधव

ता. क. – एक डबा अजून परतलेला नाही. नंदूच्या पेणच्या मित्राबरोबर सुनीतीनं तुला पाठवला होता तो. तू फोनवर ‘मिळाला’ म्हणालीस आणि ठेवलास. बेल वाजली की ती हात पुसत बाहेर येते आणि आधी आलेल्याच्या हातातल्या डब्याकडे बघते. तेव्हा तो कुणाबरोबर पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. सकाळच्या एसटीला गर्दी नसते. तुझे पोह्याचे पापड त्यात मावणार नाहीत, मी मापून पाहिलं आहे. ते वेगळ्या पिशवीत आण.

आणखी एक ता. क. – पाकीट चिकटवायला सुनीतीकडे दिलं, तर तिनं सगळं वाचलं. पापडांचं खोडून टाका म्हणते. आणि म्हणते, आत्यांना लिहा, डबा रिकामा आणलात तरी चालेल.