खाऱ्या पाण्यातली छत्री

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडतो म्हणून तू फोन घेत नाहीस, आणि कागदावर ओरडता येत नाही म्हणून पत्र लिही म्हणतेस. ठीक आहे, लिहितो. पण दातओठ खाऊन लिहितोय, एवढं लक्षात असू दे.

आमच्या दुकानासमोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात चष्मे बनवून देणारी ती, तुला मागे सांगितलं होतं. तिने पेशंट बसतात त्या खोलीत खाऱ्या पाण्याची छोटी टाकी ठेवलीय, आमच्याच दुकानातून नेलेली. पहिलीच टाकी, म्हणून मी तिला सगळ्यात चिवट असं मऊ प्रवाळ दिलं. आम्ही त्याला छत्री म्हणतो. जाड देठ, वर चामड्यासारखी टोपी आणि टोपीभर बारीक बारीक बोटं हलत असतात. तिला आणखी छत्र्या हव्या होत्या. मी म्हटलं, विकत कशाला घ्यायच्या, हिच्याच टोपीचे तुकडे करू. तुकडा दगडाला धरला की त्याची नवी छत्री होते.

आता कापायचं असतं ते वेगळ्या भांड्यात, कारण कापल्यावर ते प्रवाळ चिकट, वाईट पाणी सोडतं. मालकांनी हे माझ्या कानीकपाळी ओरडून सांगितलंय. पण भांडं दुकानात आणि ती टाकीपाशी! मी टाकीतच कापलं. तिने टॉर्च धरला होता. पाणी हलू नये, तिला नीट दिसावं म्हणून पंप बंद केला आणि एका दमात ब्लेड फिरवलं. ती म्हणाली, तुझा हात अगदी सर्जनसारखा आहे. ताई, त्यानंतर मी घरी कसा पोचलो ते मला आठवत नाही.

सकाळी जाऊन बघतो तर पाणी पांढरट, छत्री मिटून मेणासारखी गुळगुळीत झालेली आणि केशरी मासा मेलेला. त्या माशासाठी पोरं डोळे तपासून घ्यायला हसत यायची. तिने मला एवढंच विचारलं की असं कसं झालं, आणि माझं डोकं सटकलं. भरल्या खोलीत मी तिला सुनावलं की टाकी सांभाळता येत नाही तर ठेवायचीच कशाला. ती शांतपणे म्हणाली, उद्यापासून येऊ नकोस.

आता डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत टाकी धड दिसली नाही तर उचलायची. टाकी गेली की मी त्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहू? बाबांना यातलं अवाक्षर सांगू नकोस. ते म्हणतील, रसायनशास्त्र अर्ध्यावर सोडून चिरंजीव मीठ ढवळायला लागले, तेही जमेना.

काय करू ते उलट टपाली कळव. माझा राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
भडकोबा


७ फेब्रुवारी

चि. भडकोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोन ठिकाणी पेनाने कागद फाटलाय, म्हणजे कागदावरही ओरडता येतं हे तू सिद्ध केलंस. अभिनंदन.

पत्रात सगळं आलंय. पंप बंद केलास, ब्लेड फिरवलंस, सर्जन झालास, तरंगत घरी गेलास. पण पंप परत चालू कधी केलास ते काही मला सापडेना. तुझ्या भावोजींना वाचायला दिलं, त्यांनाही सापडलं नाही. ते बिचारे म्हणाले, पान हरवलं असेल. मी तुला लहानपणापासून ओळखते. पान हरवलेलं नाही.

असो. मासा गेला, तो काही परत येत नाही. पण ओरडा भलत्याच माणसाला बसलाय. तो मागे घ्यायचा तर त्याच खोलीत, तेवढ्याच आवाजात घ्यायचा. जिन्यात गाठून काहीतरी पुटपुटशील आणि माफी मागितली म्हणशील, तर मला पत्र लिहू नकोस.

आणि एक. मी दिवसभर हॉस्पिटलात लोकांच्या हातापायाला प्लॅस्टर घालते. घरी जाऊन त्यात विणकामाची सुई खुपसून बसणारे महाभाग मला रोज भेटतात. विचारलं तर म्हणतात, हाड जुळतंय का बघत होतो! तू त्यांचा पुढारी शोभशील. जे मिटलंय ते मिटलेलं राहू दे थोडे दिवस. हात खिशात ठेव.

बाबांना काही बोलले नाही. ते तुझी चौकशी करतात, पण मी बाजूच्या खोलीत आहे अशी खात्री करून, तीही तुझ्या भावोजींकडे. जेवत जा. माझा लोभ कुठे जात नाही, तो गृहीत धर.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो. तू म्हणालीस तसं भर खोलीत उभं राहून सांगितलं की पंप मी बंद केला, चालू करायला मीच विसरलो आणि वर हिच्यावरच ओरडलो. पण त्या दिवशीचे पेशंट वेगळे होते गं! कुणाला काही कळेना. डोळ्यांत औषध घालून मिटून बसलेले एक आजोबा मोठ्याने विचारायला लागले की कोण गेलं, कधी गेलं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, मासा. आजोबांनी हात जोडले. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

आणि ऐक पुढे. तिला माहीत होतं. त्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिनेच पंपाचं बटण दाबलं होतं. मी स्वतःहून बोलतो का, एवढंच बघत होती. ओरडत होतो तेव्हाही तिला माहीत होतं, ताई!

आता हुकूम असा: दुकानात मिठाचं पाणी तयार करून मी दारापर्यंत आणायचं, टाकीत ती ओतणार. घाण शोषून घेणारी कोळशाची पिशवी मी द्यायची, आत ती ठेवणार. माझा हात पाण्यात दिसला की टाकी बंद.

माझ्या कापलेल्या तुकड्यांची कथा न सांगण्यासारखी. दोन मी गोंदाने चिकटवले होते, ते बुळबुळीत अंगामुळे निसटून कुजले. तिसरा मी रबरबँडने इतका करकचून बांधला की तो मधोमध चिरला. त्याचा उरलेला अर्धा तिने सोडवला, खडीच्या वाटीत ठेवून वरून सैलशी जाळी टाकली. बस, एवढंच. मालक म्हणतात असंच करतात, तो आपला आपण धरतो. मोठी छत्रीही वरची कातडी टाकायला मिटली असेल म्हणतात. असेल! मला वाटतं काढून खळखळून धुवावी. पण दारातून बघतो, बादली ठेवतो, निघतो. दुकानात आल्यावर उगाचच काचा पुसत बसतो. मालक म्हणाले, काच झिजेल.

लोभ आहेच, तो जरा जास्त लागतोय सध्या.

तुझा,
भडकोबा


१९ फेब्रुवारी

चि. भडकोबास,
आशीर्वाद.

घाईत लिहितेय, बाहेर पाय मोडलेल्यांची रांग आहे.

हात जोडणाऱ्या आजोबांवर तुझे भावोजी अजून हसतायत. पण मला एक सांग. समजा टाकी वाचली. मग तू आयुष्यभर बादली घेऊन त्या दारात उभा राहणार का? तिला वाटत असेल, पोराला प्रवाळाचं फार वेड आहे. बादली कशासाठी आणि तू कशासाठी, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. ते मी सांगू शकत नाही.

लोभ पूर्वीइतकाच, कान पिळण्यासकट.

तुझी,
ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छत्री उघडली! सोमवारी तिच्या अंगावरून पातळ पापुद्रा सुटून पाण्यात तरंगत होता आणि मंगळवारी टोपीभर बोटं बाहेर. वाटीतल्या तुकड्याने एक खडा धरलाय. तिने चिमट्याने खडा उचलून दाखवला, तुकडा त्याच्यासकट वर आला. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि टाकी राहू दे म्हणाल्या. ती मीठही आता स्वतः मोजून घालते. माझी बादली नको.

म्हणून बुधवारी तसाच गेलो. ती एका चष्म्याची काडी गरम करून वाकवत होती. तिने विचारलं, काय काम आहे? मी म्हटलं, काम नाही, मी इतके दिवस टाकीसाठी येत नव्हतो, तुझ्यासाठी येत होतो. काडी जरा जास्तच वाकली. ती म्हणाली, मला विचार करू दे. मी म्हटलं, कर. आणि निघालो. दुसरा शब्द नाही, आवाज चढवला नाही, उद्यापर्यंत सांग असंही म्हटलं नाही.

आता मागच्या गल्लीने दुकानात जातो, म्हणजे तिला माझं तोंड दिसायला नको. रात्री झोप नाही, दिवसा धड काम नाही. मालकांनी आज माशांचं खाणं माझ्या हातून काढून घेतलं, दोनदा घालतोस म्हणाले. धीर धर असं लिहिणार असशील तर लिहूच नकोस.

लोभ असो. मला त्याचीच भूक आहे.

तुझा


१२ मार्च

सौ. ताईंस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, तरी लिहिते आहे. तुमच्या भावाने मिठाचं प्रमाण लिहून दिलं ते तुमच्या एका जुन्या पाकिटावर, त्याच्या मागे तुमचा पत्ता होता.

तो शेवटचा आला तेव्हा मी म्हटलं होतं की मला विचार करू दे. एरवी ज्याला पाच मिनिटं धीर निघत नाही तो चार दिवसांत येऊन डोकं खाईल, असं मी धरून चालले होते. तो आलाच नाही. समोरच्या दुकानात आहे, पण जातो-येतो मागच्या गल्लीने. परवा मी दारात उभी राहिले तर काउंटरखाली वाकला. मालकांना विचारलं, तर म्हणाले, तो हल्ली फार शहाणा झालाय, काही कळत नाही.

मला असल्या शहाणपणाची सवय नाही. चष्म्यांचे नंबर चुकतायत. विचार तर माझा त्याच संध्याकाळी करून झाला होता. सांगायला माणूस समोर हवा ना!

छत्रीचा तुकडा निसटलाय, बसवायला ये, असा निरोप पाठवावा असं एकदा मनात आलं. पण तो निसटलेला नाही. घट्ट बसलाय, त्याला बोटंही फुटली आहेत. खोटं सांगून बोलावणं बरं दिसत नाही.

काम काही नाही. तरी त्याला पाठवा.

आपली ओळख नसताना लोभ मागते आहे, तो द्यावा.

आपली,
समोरच्या दवाखान्यातली