सखूबाईनं आणलेली बाटली

पालम, ११ मार्च १९८३

जवानांच्या स्मारकाची खोली आज उघडली. बौद्धवाड्यातल्या सखूबाईनं युद्धात गेलेल्या लेकाची पाण्याची बाटली मांडायला आणली, तीही भरून! मी वैतागलो.

“रिकामी कशी ठिवू, गुरुजी? लेकाला तहान लागंल की.”

ठेवली. पण तिच्या घरचं पाणी गावात कोण पितं? आलंच मनात, खोटं कशाला लिहू. तेवढ्यात पाटलांच्या घरातले म्हातारे सुभेदार पुढं झाले, तीच बाटली उचलून घटाघटा प्यायले.

“पलटणीत असंच प्यायचो आमी. घ्या, गुरुजी.”

सगळे बघायलेत. बाटली हातात घेतली. मग प्यायलो. गार पाणी होतं, बस्स.

माझ्यामागून आणखी चौघं प्यायले. बाटली रिकामी. सखूबाई हसून म्हणाली, “उद्या घागरच आणते.”