बिनवायरचं टेबल

कडा, ता. आष्टी
बुधवार

प्रिय शिवकन्या,

तुला माझे आशीर्वाद. आज नऊ दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. आईचा उचलतेस, पण मी शेजारी बसलोय असा अंदाज आला की 'आई, नंतर बोलते' म्हणून ठेवून देतेस. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. कारखान्याचं गाळप सुरू व्हायला अजून अवकाश आहे, स्टोअरमध्ये दुपारी फारसं कुणी फिरकत नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. घरचं सगळं ठीक आहे. बांड्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही माद्या. आई त्यांना चुलीपाशी घेऊन बसते आणि मला म्हणते, लेकीला काय बोललात ते तुमचं तुम्ही निस्तरा. तिला मी अजून पुरतं सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतो.

मी त्या दिवशी तुझ्या खोलीवर कसा आलो, हे तुला कळायला पाहिजे. सुरुवात टेबलापासून झाली. दोन वर्षांपूर्वी तुला बीडला नर्सिंगला घातलं तेव्हा त्या टेबलाला सहा पॉइंटचा बोर्ड मीच बसवला होता. त्यावर वायरींचा नुसता गुंता असायचा. लॅपटॉपची एक, दिव्याची एक, तुझ्या मोबाईलची, खोलीतल्या सायलीच्या मोबाईलची, कानात घालायच्या त्या डबीची. वहीवर वायर, डब्याखाली वायर. मी आलो की सोडवून, दोरीनं बांधून जायचो आणि पुढच्या खेपेला परत तेच. तू हसून म्हणायचीस, 'आप्पा, वायरमन तुमी हायत, मी न्हाई.' आणि मागच्या महिन्यात तू आईला त्या टेबलाचा फोटो पाठवलास. टेबल एकदम मोकळं. वह्या एका बाजूला, दिवा एका बाजूला आणि मधे एक काळी, गोल, चपटी चकती. आईनं सगळ्या आळीत फोटो दाखवला. मला मात्र बरं वाटलं नाही. मी चष्मा लावून फोटो मोठा करून करून पाहिला. दोन वर्षं जिनं एक वायर गुंडाळून ठेवली नाही, तिला एकाएकी हे कावून सुचलं?

खरं तर माझ्या डोक्यात पंचमीपासूनच किडा वळवळत होता. पंचमीला तू आलीस ती केस कापून. कमरेपर्यंतची वेणी गेली आणि मानेपाशी येतील एवढेच उरले. तू म्हणालीस, धुवायला सोपे पडतात. मी मनात म्हणालो, कुणाला तरी आवडत असतील. दरवर्षी अख्ख्या आळीतल्या पोरी मेंदी काढून घ्यायला तुझ्यापुढं हात पसरून बसतात. यंदा तू मेंदीच्या कोनाला हात लावला नाहीस, अभ्यास आहे म्हणून आत जाऊन बसलीस. जेवताना वरण-भाताला चमचा मागितलास आणि तोही अर्धाच भरून, खाली मान घालून खाल्लंस. पोरगी शहराची झाली, आपली लाज वाटायला लागली, असं मी तुझ्या आईला म्हणालो. पूर्वी तू मोबाईलवर लिहून पाठवायचीस, आता नुसता आवाज पाठवतेस. मला वाटलं, लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती लागतं म्हणून ही सांभाळून राहते. बघ, बापाचं डोकं कसं चालतं. एकेक गोष्ट मी खुंटीला टांगत गेलो आणि सगळ्यांचा अर्थ एकच लावला.

म्हणून त्या सोमवारी 'कपिलधारला दर्शन घेऊन येतो' असं आईला खोटं सांगून मी बीडची गाडी धरली. तू कॉलेजात असशील अशी वेळ मुद्दाम साधली. घरमालकीण साखराबाईंनी मला ओळखलं, चहा विचारला, मी नको म्हणालो. सायली अंगात कणकण होती म्हणून खोलीवरच होती. मी आत आलो आणि जिल्ह्याचा इन्स्पेक्टर तपासणीला यावा तसं तुझं टेबल तपासलं. लेकीच्या खोलीत बापानं असं उभं राहू नये, हे मला तेव्हाही कळत होतं.

काम नेटकं होतं, हे आधी कबूल करतो. मी बसवलेला बोर्ड टेबलाखाली सरकवून बुटाच्या खोक्यात घातलेला. खोक्याला मागून भोक, त्यातून निघालेल्या वायरी टेबलाच्या पायाला सरळ क्लिपा मारून वर नेलेल्या, टेबलावर नुसती टोकं दिसतील तेवढ्याच. एक क्लिप वाकडी नव्हती. आणि तेच मला खटकलं. हे तुझ्या हातचं काम नव्हतं. सरावाच्या माणसाचं होतं. मग मी माझा मोबाईल त्या चकतीवर ठेवून पाहिला. वायर न लावता मोबाईल चार्ज करणारी अशी चकती कशी चालते ते मला समजतं. ट्रान्सफॉर्मरमध्येही एका वेटोळ्याचा करंट दुसऱ्यात न शिवता जातो. पण माझा मोबाईल ढिम्म. आता तुझा आणि माझा मोबाईल एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच जातीचा घेतलेला. माझा चार्ज होत नाही तर तुझा होतो कसा? मी लगेच ठरवून टाकलं की तुझ्याकडं दुसरा मोबाईल आहे आणि तो कुणीतरी दिलेला आहे. सायलीला विचारलं, हे कुणी बसवलं. ती म्हणाली, 'सोमनाथदादानं. स्टँडमागं दुकान हाय त्यांचं. पन काका, तुमी तिलाच इचारा ना.' ती माझ्याकडं न बघता बोलली. मला वाटलं, ही पण सामील आहे.

मी दुकान शोधून काढलं. बाहेर उभा राहून पाहिलं तर पंचविशीतला, नीट भांग पाडलेला पोरगा मोबाईल उघडून बसलेला. तिथंच रस्त्यावर मी तुला फोन लावला. काय बोललो ते तुझ्याही लक्षात आहे. 'वायरी काढून टाकल्या म्हंजी बापाला काय दिसत न्हाई का? कोण हाय तो सोमनाथ? कुनी दिला तुला मोबाईल?' आणि त्यापुढचं एक वाक्य, जे मी इथं लिहीत नाही. तू एवढंच म्हणालीस, 'आप्पा, तुमी माझ्या खोलीवर गेलतात?' मग बराच वेळ नुसता तुझा श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला. तू ओरडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. तू नाकारलं नाहीस, याचाही मी वाईटच अर्थ काढला आणि तावातावानं दुकानात शिरलो.

आत गेल्यावर दिसलं की गल्ल्याच्या मागं एक बाई मांडीवर लहान लेकरू घेऊन बसली आहे. सोमनाथची बायको, संगीता. मी तुझं नाव घेऊन विचारलं, हिचा आणि तुमचा संबंध काय. सोमनाथनं मान वर केली. त्याला राग यायला पाहिजे होता, आला नाही. त्यानं खण उघडून एका डबीतून तीन बारीक पत्र्याचे तुकडे काढून माझ्या पुढ्यात ठेवले. चार्जिंगची पिन जिथं खोचतात ती मोबाईलची तीन तोंडं, तिन्ही वाकलेली. 'काका, ही तुमच्या पोरीच्या मोबाईलची तोंडं हायत. चार महिन्यात तीन बदलली. पिन तोंडात जातच न्हाई तिच्याच्यानं. हात थरथरतो, मग जोर लावती, मग मोडतं.' म्हणून त्यानं तुझ्या त्याच जुन्या मोबाईलला चकतीवरून करंट घेणारी एक पातळ पट्टी लावून दिली, तिची पिन एकदाच आत खोचून ठेवली आणि वरून कव्हर घातलं. आता नुसता चकतीवर ठेवला की झालं. पिन लावायची नाही, वायर शोधायची नाही. दुसरा मोबाईल कुठंच नव्हता. चकतीची युक्ती संगीताची. क्लिपा मारायला ती स्वतः लेकराला कडेवर घेऊन त्याच्याबरोबर तुझ्या खोलीवर आली होती. ती मला म्हणाली, 'तुमाला म्हाईत न्हाई? हितं बसून रडली ती. सुई टोचायला हात धरत न्हाई, तर परीक्षेचा फॉर्मच भरत न्हाई म्हणती. शेवटची तारीख पुढल्या शनवारी हाय.' मग ती हळूच म्हणाली, 'घरी सांग म्हणलं तर म्हणाली, आप्पाला कळलं तर ते लोकांस्नी तोंड कसं दाखवतील.'

शिवकन्या, मी त्या दुकानात खाली बसलो. केस, मेंदी, चमचा, आवाज पाठवणं, सगळं एका झटक्यात उलटं झालं. वेणी घालता येत नाही म्हणून केस गेले. कोन धरता येत नाही म्हणून मेंदी गेली. भात ओठाशी येईपर्यंत सांडतो म्हणून चमचा अर्धाच. तू माझ्यासमोर बसून हे सगळं सोसत होतीस आणि मी तुझ्यावर पाळत ठेवत होतो. कॉलेजवर येऊन तुझी माफी मागायला पाहिजे होती. तेवढी हिंमत झाली नाही. मी कड्याच्या गाडीत बसलो.

का झाली नाही, ते सांगतो. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. मी लाइनवरचं काम सोडून स्टोअरला आलो ते गुडघे दुखतात म्हणून, असं सगळ्यांना माहीत आहे. गुडघ्यांना काही झालेलं नाही. सहा वर्षांपूर्वी खांबावर असताना माझ्या हातातून पक्कड सुटली. खाली सटवा शिडी धरून उभा होता, त्याच्या कानाजवळून गेली. माझा हात त्याच्या आधी वर्षभर थरथरत होता आणि मी तो खिशात घालून फिरत होतो. पित्त होतं म्हणून मी चहा सोडला, हेही खोटं. चार माणसांत कपबशी वाजते म्हणून सोडला. साखराबाईंना त्या दिवशी नको म्हणालो तेही त्यामुळंच. मेंढरांमागं जन्म काढलेला तुझा आजा धुळाजी, त्यांचेही हात असेच हलायचे. लोक म्हणायचे, धुळाजी प्यायलाय. त्यांनी दारूच्या थेंबाला कधी शिवलं नाही. पण लोकांचं ऐकून मी सुद्धा, दहा-बारा वर्षांचा असताना, ते रानातून आले की त्यांचा तांब्या हुंगून बघायचो. एकदा त्यांनी मला तसं करताना पाहिलं. त्यांनी तांब्या घेतला आणि पाणी ओतून टाकलं. त्यांना आता विचारता येत नाही की तेव्हा त्यांना काय वाटलं. तुझ्या फोनमधल्या त्या गप्प राहण्यातून मला थोडं कळलं. ज्याच्या घरात तीन पिढ्या हे दुखणं आहे, जो स्वतः सात वर्षं लपवतोय, त्याला ते लेकीत सगळ्यात आधी दिसायला पाहिजे होतं. मला पोरगा दिसला.

परवा मी नगरला नसांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. आयुष्यात पहिल्यांदा ते दुखणं न लाजता सांगितलं. त्यांनी माझ्याकडून कागदावर वेटोळं काढून घेतलं, हात धरून पाहिला, घराण्याचं विचारलं. म्हणाले, हे रक्तातून येतं, जिवाला धोका नाही, गोळीनं पुष्कळ जणांचं बरंच आटोक्यात राहतं. पूर्ण जाईल असं मात्र त्यांनी सांगितलं नाही. तुझं सांगितलं तेव्हा म्हणाले, इतक्या लहान वयात आहे तर तिला आधी आणा, नीट तपासू, दुसरं काही नाही ना तेही पाहू. हात स्थिर राहत नाही म्हणून शिक्षण सोडायची घाई करू देऊ नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. म्हणून शनिवारच्या आत फॉर्म भर. माझ्यासाठी नको, माझ्यावर रागावूनच भर.

हे सगळं सायलीच्या फोनवर सांगता आलं असतं, किंवा तुझ्या आईला समोर बसवून तिच्याकडून लिहून घेता आलं असतं. पण माझं अक्षर तुला दिसायला पाहिजे होतं. ओळी कशा वरखाली गेल्यात, 'शिवकन्या' लिहिताना पेन किती वेळा घसरलंय, ते नीट बघ. कुणापासून लपवायचं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. सहा वर्षांत मी कुणाला दिसेल अशी एक ओळ लिहिलेली नाही. हे पहिलंच आणि ते तुला. येत्या सोमवारी बीडहून सकाळी सातला नगरची गाडी सुटते, तिच्यात बस. मी खोलीवर येणार नाही, तुला विचारल्याशिवाय आता कधीच येणार नाही. मी कड्याच्या स्टँडवर उभा असेन. तुझ्याशेजारी जागा धरलीस तर बसेन, नाही धरलीस तर दांडी धरून नगरपर्यंत उभा राहीन. लोक बघतील माझे दोन्ही हात थरथरताना. बघू देत.

तुझाच,
आप्पा