डोळे नसलेले अंतराळवीर

३ ऑगस्ट

मिळाली एकदाची जागा! खाली हाँगकाँगच्या शाम शुई पो भागातला जुना बाजार, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, वर लाकडी पोटमाळा. आई आणि मी, दोघींना चिक्कार झाली. घरमालक फुंगकाकांचं तळमजल्यावर दुकान आहे, मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंचं: घरं, मोटारी, नोकरचाकर. मेलेले घरी येतात तो भुतांचा महिना तोंडावर आलाय, त्यामुळे त्यांना मान वर करायला फुरसत नाही. तरी माझी खोकी चढताना बघून थांबले. आत काय, तर प्लास्टिकचे जुने अंतराळवीर, अग्निबाण, उडत्या तबकड्या. म्हणाले, चाळिशी उलटली, लग्नाचा पत्ता नाही, आणि बाईसाहेब खेळणी जमवतायत! मी म्हटलं, काका, तुम्ही कागदाच्या बायका विकता, मी काही बोलले का? खो खो हसले.

आई खोकी उघडून एकेकाला बोटांनी चाचपत बसली. मोतीबिंदूमुळे तिला आता नुसत्या आकृत्या दिसतात. महिनाअखेरीला ऑपरेशन आहे. मी लहान असताना ती घरी बसून असल्याच अंतराळवीरांचे डोळे रंगवायची. कारखान्यातून पोती यायची, गल्लीतल्या सगळ्या बायका रंगवायच्या, माल अमेरिकेला जायचा. पोतं पोचवायला जाताना ती मला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. म्हणायची, दार कुणाला उघडू नकोस हं, मी आलेच. मी एक अंतराळवीर मुठीत धरून दाराशी बसून राहायची. माझ्या या वेडाचं मूळ तिथेच असावं.

ऑपरेशन झालं की माझं अख्खं कपाट तिला दाखवायचंय. आपण काढलेले डोळे आपण लगेच ओळखू, असं ती पैजेवर सांगते. मला बाकी काही नको, तिला दिसू दे.

७ ऑगस्ट

पोटमाळा झाडताना घबाड लागलं! बिस्किटांचा गंजका डबा, आत पाच अंतराळवीर. चार छोटे, एक मोठा. मऊ पांढरं प्लास्टिक, तळपायावर ‘हाँगकाँग’ उठवलेलं. डोक्यावरची पारदर्शक शिरस्त्राणंसुद्धा शाबूत. ती सगळ्यांत आधी हरवतात, जमवणाऱ्या कुणालाही विचारा. चौघांचे चेहरे हाताने रंगवलेत आणि प्रत्येकाचा वेगळा. एकाचा पुढचा दात पडलाय, एकीच्या हनुवटीला खळी. कारखान्याचं हे काम नव्हे. डोळे मात्र कुणालाच नाहीत. मोठ्याला तर चेहराच नाही, साफ कोरा.

फुंगकाकांना सांगितलं नाही. घर त्यांचं, उद्या डबाही माझाच म्हणतील. असला माल हाती लागला की आम्ही लोक तोंडाला कुलूप घालतो.

९ ऑगस्ट

जुन्या रंगाला हात लावायचा नाही, हा आम्हा जमवणाऱ्यांचा पहिला नियम. पण आईने टुमणंच लावलं. बिचारी आंधळी ठेवलीस होय, म्हणाली. माझ्या डोळ्यांनी होत नाही, तू काढ, मी सांगते. डावा आधी, मग उजवा. दोन्ही एकाच बुडवणीत, मध्ये कुंचला परत बुडवायचा नाही, श्वास रोखायचा. तिचा हात माझ्या मनगटावर होता. इतक्या वर्षांनी ती कुणाला काही शिकवत होती, मला नाही म्हणवेना.

फुंगकाका त्यांच्या कागदी नोकरांना डोळे काढत नाहीत. काढले की जागे होतात म्हणे. पण ते मेलेल्यांचे. खेळण्याला कसलं आलंय जागं होणं!

दात पडलेल्याचे आज झाले. झकास दिसतो.

१२ ऑगस्ट

चौघांचे झाले. आई खुशीत आहे, दिवसभर गुणगुणते. मात्र आज तिला खिडकी कुठे आहे ते कळेना. परवापर्यंत उजेड तरी कळत होता.

दुपारी विचारत होती, ही पोरं कुणाची गं, किती दंगा करतात! समोरच्या जागेत गोदाम आहे. मजल्यावर एकही मूल नाही. मी म्हटलं, खालून आवाज येत असेल.

रंग पातळ करायच्या थिनरचा वास येतो. बाटलीचं बूच घट्ट आहे.

१५ ऑगस्ट

बाजारातून जेवायला परत आले तर बाहेरच्या लोखंडी दाराला कुलूप. आमचंच. किल्ली माझ्या पर्समध्ये. मी लावलं नव्हतं, आई घरात असताना मी कधीच लावत नाही.

उघडलं तर आई दाराशी जमिनीवर बसलेली, मांडीवर ते चार. मुलं रडत होती, म्हणाली. त्यांची आई कुलूप लावून गेली ना. समजूत काढत होते.

चारही शिरस्त्राणांवर वाफ धरली होती. पुसली. गेली नाही, वाफ आतल्या बाजूने होती.

१७ ऑगस्ट

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं, मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. मोतीबिंदू नाहीच म्हणाले. पण बुबुळांचा रंग का उडतोय, ते सांगता येईना. ऑपरेशन कशाचं करायचं, असं मलाच विचारलं.

आईच्या काळ्याभोर डोळ्यांत आता राखाडी ठिपका उरलाय. मला भीती वाटते. लिहून टाकलं, बरं वाटेल म्हणून. वाटलं नाही.

१८ ऑगस्ट

डबा घेऊन फुंगकाकांकडे गेले. ते हातातलं काम टाकून सांगू लागले.

आमच्या जागेत पूर्वी तांग नावाचं कुटुंब होतं. घरी खेळणी रंगवायचे. आई चार पोरांना कुलूपबंद करून पोतं पोचवायला गेली आणि थिनर पेटला. ती परत आली ती जळक्या दारापाशी. तशीच उलट पावली गेली, पुन्हा कुणाला दिसली नाही. बापाने गेलेल्या पोरांच्या नावाने हे अंतराळवीर आणले. चौघांचे चेहरे फुंगकाकांनीच रंगवले. डोळे मुद्दाम काढायचे ठेवले, पोरं झोपून राहावीत म्हणून. मोठा त्यांच्या आईसाठी. ती जिवंत की मेली कळेना, म्हणून कोरा.

जाळून टाकू या म्हटलं. काका म्हणाले, कागद जाळला तर पोचतो गं, प्लास्टिक नुसतं वितळतं. मग माझ्यावर ओरडले, डोळे उघडल्यावर पोरं पहिलं कुणाला शोधतील, एवढंही कळू नये तुला?

१९ ऑगस्ट

कापसाला थिनर लावून खळीवालीचा डावा डोळा पुसायला घेतला. आतल्या खोलीत आई किंचाळली. डोळा भाजला, डोळा भाजला —

पुसणं थांबवलं. तिची पापणी सुजली आहे.

आईला घेऊन बाहेर पडायचं ठरवलं. ती उठत नाही. पोरांना टाकून कशी येऊ, म्हणते.

२० ऑगस्ट

मोठ्याला चेहरा आला आहे.

मी काढलेला नाही. ओठाजवळ तीळ. आईचा तीळ. डोळे तेवढे नाहीत.

आईचे डोळे आता नुसते पांढरे — गुळगुळीत —

मला ओळखत नाही. हात चाचपते नि विचारते, तू यांच्यातली कितवी?

२१ ऑगस्ट

दुपार. चुलीवर सूप ठेवलंय. आई सकाळपासून एकच म्हणते आहे. माझेही काढ. अंधार आहे गं. आ-लिन, माझेही काढ.

नावाने हाक मारली. किती दिवसांनी.

काढले तर ती त्यांची होईल, कळतं मला. पण अशी अंधारात चाचपडताना — ती माझी आई आहे. मला बघवत नाही.

मोठ्याला हातात घेतलं. डावा आधी. मग उजवा. श्वास रोखून. झाले.

आई उठली. काठी न घेता, सरळ. डोळे काळेभोर, पूर्वीसारखे. खोलीभर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं — हसली. आई, दिसतंय ना, विचारलं मी. रडू आवरेना.

तिने कपाटातून ते चार उचलले, पदराआड घ्यावे तसे जवळ धरले. मोठा तिथेच राहिला. जिन्यात लहान पावलं — खूप — धावत —

लोखंडी दार सरकलं. बाहेरून कुलूप.

दार कुणाला उघडू नकोस हं. मी आलेच.

किल्ली पर्समध्ये नाही.

थिनरची बाटली आडवी झाली आहे. जमिनीवरून चुलीकडे — ओली रेघ — मी एक अंतराळवीर घट्ट मुठीत धरला आहे आणि दाराशी बसले आहे. आई येईल. नेहमी यायची. पोतं पोचवलं की लगेच —